सव्वीस बोटांचा दांडू

माणिकबाई पहाटे चारला उठायची. घड्याळ आमच्यापैकी कोणाकडे नव्हतं. आता अंदाज लावतो तर चारच. भाकरी थापून, पोराची भाकरी फडक्यात बांधून, उजाडायच्या आत ती अमरावतीच्या कापूस-आवारात आपल्या रेच्यापुढे बसलेली असे. रेचा म्हणजे सरकी काढायचं हातयंत्र. दोन रूळ, एक मूठ. उजव्या हातानं मूठ फिरवायची, डाव्या हातानं कापूस घालायचा. सरकी अलीकडे पडते, रुई पलीकडे जाते. मजुरी रुईच्या वजनावर. दिवसभर मूठ फिरवणं हे काम पाहणाऱ्याला हलकं वाटतं. पाहणाऱ्यानं एक दिवस फिरवून पाहावं.

तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. नवव्या वर्षी मोर्शीकडे बापानं तिला रेच्यावर बसवलं. मूठ मोठ्या माणसाच्या हाताच्या मापाची. वर नेताना पोरीला अर्धं उठावं लागे. सहा वर्षांत खांदा गेला. हे ती कोणाला रडून सांगत नसे. विचारलं तर म्हणायची, "मूठ लांब होती." एवढंच.

साल शके सतराशे पंच्याऐंशी. दूर अमेरिकेत लढाई पेटली होती, तिथला कापूस अडला होता आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला होता. आवारात शंभरावर रेचे चालत. पलीकडे दाबखाना. तिथं आम्ही रुईच्या गाठी दाबायचो. साऱ्यांवर मुकादम खुशालराव. आडवा गडी, आवाज मोठा. बाया त्याला भीत. माणिकबाई भीत नसे, म्हणून ती त्याच्या डोळ्यांत खुपत होती. रुई ओली करून वजन वाढवतात, असं तो बायांना रोज ऐकवी. एकदा त्यानं तिच्या ढिगात हात घातला. रुई कोरडी निघाली. तेव्हापासून तो जास्तच चिडून होता.

तिला एकच पोरगा, सहदेव. वय अकरा. नवरा पटकीत गेला होता. पोरगा सरकीची पोती ओढायचा आणि वेळ मिळाला की विटीदांडू खेळायचा. त्याची नजर चांगली होती. जमिनीवरच्या विटीचं टोक तो दहात नऊ वेळा अचूक टिपायचा. पण टोला लांब जात नसे. खेळायला दांडू होता तो मोठ्या गड्यांचा, छत्तीस बोटं लांब. टोला मारताना पोराचं मनगट उलटं व्हायचं. पौषात ते सुजलं. माणिकबाईनं हळद लावली, दांडू चुलीत घातला आणि त्याला घेऊन नत्थुजी सुताराकडे गेली.

नत्थुजीकडे तेव्हा बैलगाड्यांची रांग. कापसामुळे ज्याला त्याला गाडी पाहिजे होती. त्यानं मान वर केली नाही.

"दांडू करून पायजे," ती म्हणाली. "याच्या हाताचा."

"माह्याकडे सात चाकं पडून हायेत. आन् तू खेळणं घेऊन आली."

"खेळणं नाई. अवजार समज."

"छत्तीस बोटांचा करून देतो. पोट्टा मोठा होईन, तवा कामी येईन."

"पोट्टा मोठा होईपर्यंत हात राहिला पायजे नं."

नत्थुजी म्हणाला, "आता तू मले माप शिकवशीन काय, बाई?"

"शिकून घे. फुकट हाये."

तिनं सहदेवचा हात आडवा सरळ धरायला लावला. काखेत एक काडी टेकवली आणि बोटं जिथं तळव्याला जुळतात तिथं मोडली. मोडलेली काडी सुताराच्या पुढ्यात टाकली. सव्वीस बोटं भरली. मग कोपऱ्यातल्या लाकडांतून गाडीच्या आऱ्याचे उरलेले चार तुकडे उचलले आणि एकेक पोराच्या हातात दिला.

"बाजूले धर. हात वाकवू नको. वीस मोज."

पहिल्या तुकड्यावर पोरगा अकरावर थरथरला. दुसऱ्यावर चौदाला टोक खाली गेलं. तिसरा सागवानी, हलका. वीस सहज झाले. तो तिनं बाजूला टाकला. "हा फुसका हाये. इटीले लागून उलटा येईन." चौथा धावड्याचा, मेळघाटातून आलेला. वीसपर्यंत टोक हललं नाही. एकवीसला हललं.

"हा."

नत्थुजीनं तो हातात घेऊन तोलला. रंध्याला लागला. मूठ बारीक, टोक जाड, मध्ये कुठे गाठ नाही. पैसे मात्र पुरे घेतले, आणि तिनं पुरे दिले.

सहदेव वाटेत रडला. त्याला मोठा पाहिजे होता. आवारातल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी नाव ठेवलं. "मायचं लाटणं घेऊन आला बे." कोणी विचारी, "पोळ्या किती झाल्या?" पोरगा दांडू लपवून ठेवू लागला. माणिकबाईनं तो शोधून परत हातात दिला. "हसू दे. हसल्यानं मनगट सुजत नाई."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला, आवार अर्धा दिवस बंद असे. तेव्हा रेचेवाले आणि दाबखान्याचे यांचा डाव व्हायचा. अंबानाल्याकाठच्या माळावर. रीत अशी: एका बाजूचे चार गडी, एकेकाला दोन टोले. खळीपासून, म्हणजे विटी उडवायच्या खड्ड्यापासून, विटी पडेल तिथपर्यंत दांडूनं मोजायचं. जितके दांडू भरतील तितके गुण. आणि ज्याचा टोला, त्याच्याच दांडूनं मोजायचं. ही रीत जुनी. ती मोडल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मोजायचं काम माझ्याकडे होतं. मी दाबखान्याचा असूनही रेचेवाल्यांनी मला नेमलं होतं. मोजणं सोपं नाही. दांडू आडवा ठेवायचा, टोकाला बोट दाबायचं, बोट न हलवता दांडू पुढे घ्यायचा. दीड हजार बोटं वाकून चालायचं. कंबर धरते. बोट सरकवणारे खूप पाहिले.

दाबखान्याचे एकशे बावीस झाले. रेचेवाल्यांचा एक गडी तापानं पडला होता, म्हणून त्यांनी चौथ्या जागी सहदेवला घेतलं. त्याच्या आधीच्या तिघांनी मिळून एकाहत्तर केले. अर्धे टोले हुकले. दोन्हीकडच्या साऱ्या गड्यांचे दांडू छत्तीस बोटांचेच होते.

सहदेव खळीपुढे आला तेव्हा आमच्या बाजूनं लाटण्याचा गजर झाला. त्यानं विटी उडवली आणि मारली. दांडू हातात वळला नाही, मनगट सरळ राहिलं. विटी शेवटच्या गड्याच्याही मागे पडली. मी त्याचा दांडू घेऊन मोजलं. एक्केचाळीस.

बाया ओरडल्या. खुशालराव डावात दाबखान्याच्या बाजूचा. तो पुढे आला, माझ्या हातातून दांडू काढून घेतला आणि आपल्या गड्याच्या दांडूशेजारी धरला. दहा बोटं कमी.

"हे पाहा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "छोटं माप. कमी अंतरात जास्त मोजणी. कोणी केलं हे?"

"मी," माणिकबाई म्हणाली.

"मंग रुईचंबी असंच असन तुह्यं. जिचा पोट्टा खोट्या मापानं खेळते, तिच्या तराजूचं काय सांगा?"

तिच्या शेजारी बसणाऱ्या बाया खाली पाहू लागल्या. त्यांची मजुरीही त्याच तराजूवर होती.

"ज्याचा टोला त्याचा दांडू," रेचेवाल्यांपैकी एक म्हणाला. "रीत हाये, मुकादम."

"रीत मोठ्या दांडूची हाये. लाटण्याची नाई."

माणिकबाई उठून खळीपाशी आली. "दांडू हाताच्या मापाचा हाये," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाई केला, मोजण्यासाठीबी नाई केला. मारण्यासाठी केला. मोजायचं तर तुमच्या दांडूनं मोजा. तो मारीन आपल्याच दांडूनं."

"कबूल?"

"कबूल. पण रुईचा शब्द वापस घ्यान तुमी."

खुशालराव हसला. "पोट्टा आमच्या पुढं गेला, तर इथंच घेतो. नाई गेला, तर उद्यापासून आवारामंदी दिसू नको."

तिच्या बाजूच्या गड्यांनी तिचा हात धरला. "काहून बाई? रीत आपल्या बाजूनं हाये. वेडी झाली काय?" तिनं हात सोडवून घेतला. मला तेव्हा तिचा राग आला होता. हातातला डाव कोणी असा देत नाही. आज राग नाही, पण ते शहाणपण होतं असंही मी लिहिणार नाही.

मी परत वाकलो. छत्तीस बोटांच्या दांडूनं तोच टोला एकोणतीस भरला. एकाहत्तर आणि एकोणतीस, शंभर. एक टोला बाकी. बरोबरीला बावीस, पुढे जायला तेवीस.

सहदेवनं आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "माह्याकडं नको पाहू. इटीकडं पाहा."

दुसरा टोला पहिल्याइतका उंच गेला नाही. सरळ गेला, जमिनीला लागून घसरत गेला आणि थांबला. मी मोजायला लागलो. माझ्या दोन्ही बाजूंनी माणसं चालत होती. खुशालरावाची सावली माझ्या हातावर पडली होती. वीस. एकवीस. बावीस. तेविसावा दांडू ठेवला. विटी त्याच्या टोकापासून चार बोटं अलीकडे होती.

चार बोटं. आठशेवर बोटांच्या मोजणीत ती कुठेही सरकली असती आणि कोणाला कळलं नसतं. रेचेवाला एक जण माझ्या कानाशी म्हणालाच, "भाऊ, तेवीस सांग." मी बावीस सांगितलं. बावीसच होतं.

"एकशे बावीस. बरोबरी," मी म्हणालो.

"बरोबरी म्हणजे पुढं नाई," खुशालराव म्हणाला.

सगळे माणिकबाईकडे पाहत होते. ती विटीपाशी आली, खाली बसली, आपल्या बोटांनी अंतर मोजलं. चार. उठली. "माप बरोबर हाये," ती म्हणाली. "बोली पुढं जायची होती. तो नाई गेला."

तिनं भांडण केलं असतं तर अर्धे लोक तिच्याकडून उभे राहिले असते. तिनं ते केलं नाही, म्हणून कोणीच राहिलं नाही. आपल्या दांडूनं मोजलं असतं तर दोन्ही टोले मिळून बहात्तर होते, हा हिशेब माळावरच्या प्रत्येकानं केला. तिच्याच शेजारणी म्हणाल्या, "मिजास नडली. आमचाबी डाव घालवला." जाताना कोणी तिच्याबरोबर चाललं नाही.

माझी वाट तीच होती म्हणून पुढचं मी ऐकलं. सहदेव पाय आपटत चालला होता.

"मोठा दांडू असता तर गेली असती इटी पुढं."

ती थांबली. दाबखान्याचा दांडू माझ्या खांद्यावर होता. तो मागून घेतला, पोराला दिला. "धर बाजूले. मोज वीस."

तो बारावर आला. टोक खाली गेलं. त्यानं दात खाऊन परत वर उचललं. ते परत गेलं. त्यानं दांडू मला परत दिला.

"अजून दोन वर्षं थांब," ती म्हणाली. "मंग चार बोटं वाढवू."

दुसऱ्या दिवशी ती आवारात आली नाही. खुशालरावानं तिच्या रेच्यावर दुसरी बाई बसवली. रुईचा शब्द त्यानं मागे घेतला नाही. उलट गावातल्या दुसऱ्या आवारांतही पोचवला. हात कमी पडत होते तरी तिला कोणी बसवलं नाही. महिनाभरानं ती पोराला घेऊन अकोल्याला बहिणीकडे निघून गेली. निरोप द्यायला मी गेलो नाही. मी दाबखान्याचा. मुकादम माझाही होता.

चार वर्षांनी गाठी पोचवायला अकोल्याला गेलो तेव्हा भेटली. कापसाचा भाव केव्हाच उतरला होता. ती ओसरीवर बसून सरकी काढत होती, आजूबाजूच्या घरांची. रेचा तिचा स्वतःचा. अमरावतीच्या चार हंगामांची मजुरी तिनं मोडली नव्हती. अकोल्याला आल्यावर त्या पैशांतून तिनं पहिलं काम या रेच्याचं केलं होतं. सुताराला घरी बोलावून, स्वतःचा हात आडवा धरून, माप दिलं होतं.

मी मूठ फिरवून पाहिली. मला ती आखूड झाली. कोपर बरगड्यांना लागलं.

"तुमच्यासाठी नाई केली," ती म्हणाली, आणि माझ्या हातातून काढून घेतली.