स्लीपिंग बॅगची कोटेशनं

आमच्या चाकणच्या कंपनीत कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. नको असलेली मागणी आली की परचेसवाला म्हणतो, "उत्तम! फक्त अजून एक कोटेशन मागवू." ते येईपर्यंत मागणाऱ्याची हौस फिटते, बदली होते किंवा तो रिटायर होतो. मी गेली बावीस वर्षं परचेसला आहे. माझ्या टेबलावर कितीतरी मशीनं अशी शांतपणे वारली, आणि एकाच्याही मरणाचा आळ माझ्यावर आलेला नाही.

त्यामुळे बायकोने हिमालयातला ट्रेक ठरवला तेव्हा मी लगेच म्हणालो, "वा! फक्त स्लीपिंग बॅग नीट बघून घेऊ."

ती निघाली होती पिंपरीतल्या मैत्रिणींबरोबर, माझ्याशिवाय. माझे गुडघे एका जिन्यालाच कुरकुरतात. लग्नानंतर ती एकटी राहिली असेल तर माहेरी, आणि तिथेही सोडायला-आणायला मी. आता एकदम बर्फात आठ रात्री! नाव नोंदवायची मुदत महिनाअखेरची होती. आमच्या घरात एप्रिलमध्ये पंख्याखाली शाल घेऊन झोपणारी तीच, म्हणून अटही तिनेच घातली: उबदार बॅग मिळाली तरच पैसे भरायचे. आणि ती निवडायचं काम तिने माझ्यावर सोपवलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

मी तक्ता मांडला. पिसं बदकाची की हंसाची, वजन किती, दाबून सोडल्यावर फुगतात किती, ओली झाली तर काय. प्रत्येक बॅगेवर तापमानाचे दोन आकडे असतात. एकात माणूस सुखाने झोपतो, दुसऱ्यात सकाळपर्यंत कसाबसा तग धरतो. विकणारे अर्थातच दुसरा आकडा मोठ्या अक्षरात छापतात. मुलाचा पगार सांगताना वरपक्ष ओव्हरटाइम धरतो, तसं. हे कळल्यावर मला फार आनंद झाला. सगळी कोटेशनं नव्याने मागवता येणार होती.

आमच्या स्टोअरमध्ये जवळच्या निघोजे गावचे एक भाऊ आहेत. तक्ता बघून ते म्हणाले, "साहेब, पिसं कशापायी? आमच्या आईची गोधडी न्या की. चार किलोची हाय, पर थंडीची काय बिशाद!" मी गोधडीचाही एक रकाना वाढवला.

महिना संपत आला. सॅम्पल म्हणून एक बॅग तेवढी घरी आली होती, आणि तिच्यात मला काही केल्या खोट सापडेना. शेवटी म्हणालो, तज्ज्ञाचं मत घेऊ. दापोडीत रेल्वेलाईनच्या बाजूच्या बोळात एक चाचा गाद्या भरतात. त्यांच्या घरात तीन पिढ्या कापूस पिंजतायत. चाचा पिसांना नावं ठेवणार याची मला खात्री होती. दुसऱ्याच्या धंद्यातला माल कुणाला आवडतो? बायको म्हणाली, "मीही येते," आणि स्कूटरवर मागे बसली.

चाचांनी बॅग दाबली, सोडली. ती हळूहळू फुगून वर आली. त्यांनी पुन्हा दाबली, पुन्हा सोडली आणि खुशीत मान हलवली.

"माल एक नंबर हाय, साहेब. यात झोपनार कोन?"

"ही," मी म्हणालो.

"मग भाभी, आत शिरून बघितलं का?"

"मला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

चाचांनी एक कोरी गादी अंथरली. माझी पन्नाशी उलटलेली बायको चपला काढून, ओढणी सावरत, भर दुकानात त्या बॅगेत शिरली. कुशीवर वळली, पाय ताणले, डोळे मिटले. कपाळावर घाम आला तरी बाहेर येईना.

"चांगली आहे," मी म्हणालो. "तरी अजून एक कोटेशन..."

"अहो, बावीस वर्षं तुमच्या कंपनीच्या गोष्टी ऐकतेय मी," ती पडल्यापडल्या म्हणाली. "मी जाऊ नये असं वाटत असेल तर तसं सांगा. एका शब्दाचं काम आहे."

चाचा दोरा शोधायच्या निमित्ताने आत निघून गेले. मला तो एक शब्द उच्चारता येईना. सवयच नव्हती. शिवाय तो खराही नव्हता. ती थंडीने आजारी पडेल ही काळजी होतीच. पण माझ्यावाचून तिचं सगळं छान चालेल, याची धास्ती त्याहून मोठी होती.

"मला भीती वाटते," मी म्हणालो.

"मलाही वाटते," ती म्हणाली आणि बॅगेची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. "म्हणून तर परवाच पैसे भरून टाकले."