आईच्या पित्ताशयाची सूज

आई गेल्यावर महिनाभर घरी डबे येत होते. डबा द्यायला येणारा माणूस घाईत असतो. रिकामा डबा न्यायला येणारा मात्र हमखास बसतो, पाणी पितो आणि उठण्याआधी आईचा एखादा किस्सा सांगून जातो. असे इतके किस्से जमले, की एकेकाच्या तीन-तीन आवृत्त्या झाल्या! दाल बाजारातला वाणी सांगतो त्यात आई त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभी असते. शेजारच्या दिघेकाकू सांगतात त्यात ती थेट वाण्याच्या गादीवर बसलेली असते.

मला रोज डायरी लिहायची सवय आहे. त्यामुळे शेवटच्या पाच महिन्यांपुरतं तरी काय झालं ते तारीखवार माझ्याकडे आहे. तेवढंच सांगतो.

आमची आई, मार्था, मूळची वसईची. बाबा इथल्या कापडगिरणीत होते, म्हणून लग्न होऊन ग्वाल्हेरला आली आणि किला गेटजवळच्या घरात पन्नास वर्षं राहिली. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती.

गेल्या थंडीत तिचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, लूसीला, आत बोलावून सांगितलं: स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. ऑपरेशनचा उपयोग नाही. चार-पाच महिने.

आईला सांगायचं नाही, हे आम्ही दोघांनी हॉस्पिटलच्या जिन्यातच ठरवलं. कारण एकच. बाबा गेले तेव्हा आई वर्षभर हसली नव्हती. जेवायची, चर्चला जायची, विचारलं तर उत्तर द्यायची. पण एक चेष्टा नाही, एक टोमणा नाही. घरात आम्ही सगळे हळू आवाजात बोलायला लागलो होतो. तसं घर पुन्हा नको होतं. आजारावर इलाज नव्हता, पण तिचं हसू तरी शेवटपर्यंत राहावं! "पित्ताशयाला सूज आहे, गोळ्यांनी उतरेल," एवढंच सांगायचं ठरलं.

बाहेर आलो तर आई बाकावरच्या चार पेशंटना हसवत बसली होती.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही गं," लूसी म्हणाली. "पित्ताशयाला सूज आहे."

आईने तिच्याकडे नीट बघितलं. "पित्ताशय माझं, आणि डोळे तुझे सुजले?"

* * *

दिघेकाकूंना सांगणं भाग होतं. आम्ही नवरा-बायको कामावर गेलो की दिवसा आईजवळ त्याच असणार होत्या. शपथा घालून सांगितलं. "मेले तरी बोलणार नाही," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या, आईला बघितलं आणि दारातच रडायला लागल्या. मी दाढी करत होतो. वस्तरा गालावर तसाच थांबला.

"काय झालं हो?" आईने विचारलं.

"काही नाही, मार्थाबाई. कांदा चिरत होते."

आई कॅलेंडरकडे वळली. काकूंचे उपासतापास काकूंपेक्षा तिलाच जास्त पाठ. "दिघेबाई, आज एकादशी. तुमच्याकडे कांदा?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी आरशाकडे बघितलं.

"बसा," आई म्हणाली. "आधी चहा घ्या, तो गार होतो. रडणं काही गार होत नाही."

चहा पिऊन काकू गेल्या, आणि जिन्यातून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "बघ हं, मी काही सांगितलं नाही!"

* * *

रिपोर्टची फाइल कुठे ठेवायची हा प्रश्न होता. आईला वाचता येत होतं आणि तिचा हात घरातल्या प्रत्येक कप्प्यात पोचायचा. शेवटी मी ती माझ्या जुन्या डायऱ्यांच्या खाली ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. त्या कपाटाला त्याआधी कधीच कुलूप नव्हतं.

चौथ्या दिवशी आई कपाटासमोर उभी. "तुझ्या रियाचा बाप्तिस्म्याचा झगा यात आहे ना? लूसीच्या सासरच्या नातेवाइकांकडे बारसं आहे, त्यांना हवाय. किल्ली दे."

"मी काढून देतो."

"का? माझे हात तुटलेत?"

"तसं नाही... आत माझ्या वह्या आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी किल्ली मुठीत इतकी घट्ट धरली होती, की तळव्यावर तिचे दात उमटले.

"तीस वर्षं तुझ्या वह्या टेबलावर उघड्या पडल्या होत्या. कुणी ढुंकून बघितलं नाही," आई म्हणाली. "आता कुलूप? काय, बरं लिहायला लागलास की काय?"

* * *

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला. राखेच्या बुधवारी आई चर्चला जाऊ शकली नाही, म्हणून फादर कपाळाला लावायची राख आणि कम्युनियनची पवित्र भाकर घेऊन घरी आले. फादर केरळचे, तरुण, अतिशय सरळ. मी त्यांना फाटकातच गाठलं. "फादर, माँ को बताया नहीं है. प्लीज़."

"मैं कुछ नहीं बोलूँगा," फादर म्हणाले. "लेकिन वो पूछेंगी तो मैं झूठ भी नहीं बोलूँगा."

झालं! म्हणजे आता सगळं आईच्या प्रश्नांवर होतं.

राख लावून झाली, प्रार्थना झाली. शैलाने, माझ्या बायकोने, चहा आणला. आई म्हणाली, "फादर, इस साल मैं सारे शुक्रवार उपवास करूँगी."

"नहीं नहीं, माँजी!" फादर जवळजवळ ओरडलेच. "आपको बिल्कुल नहीं करना है!"

"क्यों?"

फादरनी छताकडे बघितलं, क्रूसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायचं नव्हतं.

"चर्च का नियम है, माँजी. आप साठ से ऊपर हैं."

"तो पिछले साल क्या मैं तीस की थी?"

फादरनी उकळता चहा एका घोटात संपवला.

* * *

त्याच महिन्यात आईने पापनिवेदनासाठी फादरना बोलावलं. आम्हाला खोलीबाहेर घालवलं आणि दार लावून घेतलं. लूसी त्या दिवशी सासरहून, झाशीहून, आलेली होती. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे.

पाच मिनिटं झाली. दहा. आतून हसण्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. वीस मिनिटांनी फादर बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

लूसीने फाटकापर्यंत त्यांचा पिच्छा सोडला नाही. "फादर, उसने पूछा क्या? उसे मालूम है क्या?"

"सिस्टर, कन्फेशन था, बाहर नहीं बता सकता," फादर म्हणाले, आणि स्कूटर सुरू न करताच ढकलत घेऊन गेले.

त्या दिवशी मी आणि लूसी पहिल्यांदा भांडलो. ती म्हणाली, "दादा, तिला कळलंय. आपण तिला एकटीला सोडलंय त्या सगळ्यात." मी म्हणालो, "कळलं असतं तर ती आत हसली असती का?" ती म्हणाली, "तू फक्त लिही. बघू नकोस." ते वाक्यही मी लिहून ठेवलं आहे.

शेवटी मी आत गेलो आणि जमेल तितक्या सहज विचारलं, "आई, आज एवढा वेळ लागला?"

"माझी पापं पाच मिनिटांत संपली रे," आई म्हणाली. "मग तुमची सांगितली."

* * *

रियाला, माझ्या मुलीला, आम्ही सांगितलं नव्हतं. एकोणीस वर्षांची, आजीच्या खोलीतच झोपणारी. तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. पण तिने आजीच्या नव्या गोळीचं नाव मोबाइलवर शोधलं आणि तिला सगळं कळलं.

कॉलेजमधून आली ती सरळ गच्चीवर, माझ्यासमोर. "पापा, तुम्ही मलाही सांगितलं नाही? मैं क्या बच्ची हूँ?"

"हळू बोल."

"क्यों हळू? आजीची बॉडी आहे, आजीला हक्क आहे ना! तुम्ही सांगा, नहीं तो मैं जाके सांगते."

आणि ती खाली गेलीसुद्धा. मी मागून धावलो, पण दार आतून लागलं. शैला आणि मी पॅसेजमध्ये उभे राहिलो. तिने माझा हात धरला होता. शेजारी कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी नऊ मोजल्या.

दार उघडून रिया बाहेर आली. तोंड धुतल्यासारखं ओलं.

"सांगितलंस?"

"आजीने विचारलं, काही सांगायला आलीस ना? फेल झालीस? मी नाही म्हटलं. मग म्हणाली, मुलगा आहे? हिंदू आहे? असू दे, तुझ्या पापाला मी बघते. मी म्हटलं, नाही गं. तर म्हणाली, मग एवढं तोंड कशाला पाडलंस? मी काय मरतेय?"

"मग?"

"मग काय! मैंने बोला, नहीं आजी." रियाने नाक पुसलं. "मी पण आता तुमच्याच पार्टीत, पापा."

* * *

ईस्टरच्या आधी आई म्हणाली, नवी साडी हवी. तोवर ती अगदी वाळली होती. ई-रिक्षातून पाटणकर बाजारात नेलं. नेहमीच्या दुकानदाराने खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला आणि गठ्ठे सोडायला सुरुवात केली.

"अम्मा, ये देखो. एकदम पक्का माल. पच्चीस साल हिलेगी नहीं."

आईने पदर बोटांत धरून चोळला. "पच्चीस साल का मैं क्या करूँगी? दो-तीन महीने वाली दिखाओ."

दुकानदार थांबला. समोर एक बाई लेकीच्या लग्नाचे शालू बघत होती, तीही वळली. मला वाटलं, आता. आता ती माझ्याकडे बघणार आणि मला खरं सांगावं लागणार.

आई माझ्याकडे बघत होतीच.

"असा काय बघतोस?" ती म्हणाली. "फॅशन बदलते ना!"

* * *

मे महिन्यात तिला उठवेनासं झालं. आता एकच गोष्ट राहिली होती: आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना फादर पवित्र तेल लावतात, ते. आईच्या श्रद्धेत त्यावाचून जाणं म्हणजे उघड्या दारातून न सांगता निघून जाणं. पण लावायचं कसं? तिच्या लहानपणी वसईत ते तेल अगदी शेवटी, माणसाला घरघर लागल्यावरच आणत. तिनेच आम्हाला सांगितलेलं: "तेल घेऊन फादर दारात दिसले, की समजायचं, शवपेटीचं माप घ्यायला सुतार गल्लीच्या तोंडाशी आलाय."

मार्ग लूसीने काढला. "दादा, एकट्या आईला लावलं तर तिला कळेल. सगळ्यांनाच लावलं तर?"

फादर आधी तयार होईनात. मग म्हणाले, म्हातारपणाने थकलेल्यांना हे तेल घेता येतं. त्यात खोटं काही नाही. रविवारी मिस्साच्या प्रार्थनेनंतर त्यांनी जाहीर केलं: पुढच्या रविवारी सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना आशीर्वादाचं तेल. आठवडाभर चर्चमधल्या म्हाताऱ्यांची झोप उडाली! गिरणीतून रिटायर झालेले बाबांचे एक मित्र घरी येऊन मलाच विचारून गेले, "भैया, फादर को मेरे बारे में किसी ने कुछ बताया है क्या?"

त्या रविवारी आईला व्हीलचेअरवर नेलं. पुढच्या दोन बाकांवर सतरा म्हातारी माणसं, इस्त्रीच्या कपड्यांत, चेहरे परीक्षेला बसल्यासारखे. आईची खुर्ची रांगेच्या शेवटी. मागे मी, लूसी, शैला, रिया. दिघेकाकूही आल्या होत्या, सगळ्यात मागच्या बाकावर, पदर तोंडाला लावून.

फादर एकेकापाशी थांबत पुढे येत होते. कपाळ, मग तळहात. कपाळ, मग तळहात. आई बोलत नव्हती. आदल्या रात्रीपासून बोलली नव्हती. एकही टोमणा नाही, कुणाच्या टोपीवर नाही, कुणाच्या घोरण्यावर नाही. रांगेकडे बघत होती, एकेक चेहरा, सावकाश. मला ते बाबांनंतरचं वर्ष आठवलं. लूसीने माझ्या कानात म्हटलं, "आपण चुकलो, दादा."

फादर आईपाशी आले. कपाळाला तेल लावलं. आईने स्वतःच दोन्ही तळहात पुढे केले. त्यांवरही लावलं. फादर सरळ होणार, तेवढ्यात तिने त्यांचा हात धरला आणि त्यांना खाली ओढलं. मेणबत्त्या विझू नयेत म्हणून पंखे बंद होते. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"फादर, मरना तो अकेली मुझे है. इन बेचारों को काहे चुपड़ दिया?"