तुळशीरामनं निवडलेला फिल्टर

धूळ म्हणजे काय, हे तुळशीरामला कोणी शिकवायची गरज नव्हती. चाळीस वर्षं भेडाघाटला मूर्ती कोरण्यात गेली. भुवया पांढऱ्या झाल्या त्या वयानं की दगडाच्या भुकटीनं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. म्हणून तर लेक प्रणाली मैत्रिणीच्या लग्नासाठी नागपूरला जाताना सांगून गेली, "बाबा, माझ्या गाडीचा एअर फिल्टर तुम्हीच निवडा. धूळ तुमच्याहून जास्त कोणाले कळते?"

गाडी तिची. लांबलचक क्रूझर मोटरसायकल. सोमवारपासून शहपुऱ्याच्या तहसील कचेरीत नोकरी, आणि रोज याच गाडीनं जायचं. दोन महिने तुळशीरामनं घर डोक्यावर घेतलं होतं. पोरीच्या जातीला स्कूटर काय वाईट? आणि एवढं सगळं ऐकवूनही तिनं निवड त्याच्यावरच सोपवली, तेव्हा गडी पार विरघळला.

दुकानदारानं आधी उघडा, दणदणीत आवाजाचा फिल्टर पुढे केला. "चाचा, गाडी उड़ेगी." तुळशीरामनं असं काही पाहिलं की बिचाऱ्यानं तो मुकाट्यानं परत ठेवला. उडवायची कोणाला आहे? गाडीच्या मूळ डब्यातच बसणारा, धुऊन पुन्हा वापरता येणारा सुती जाळीचा फिल्टर त्यानं घेतला. सोबत तेलाची छोटी बाटली. तेल लावलं की धूळ जाळीलाच चिकटते, आत जात नाही. निवड अगदी चोख होती. माती खाल्ली ती पुढे.

मऊ दगडाच्या मूर्तीला दगड पिईल तितकं तेल चोळायचं, ही त्याच्या हाताची जन्माची सवय. बाटलीवर काही थेंबांचा हिशेब छापला होता म्हणे. तो वाचतो कोण? यानं अख्खी बाटली पाजली. मग खात्री करायला दोन दिवस गाडी मूर्तींच्या कारखान्यात नेली, त्या भुकटीत. शनिवारी सकाळी परत येताना ती ढास लागल्यागत ठसकली, काळा धूर ओकली आणि रस्त्यातच बंद पडली.

तुळशीरामचं धाबं दणाणलं. इंजिनात धूळ गेली, संपलं. पण पोरगी काय म्हणेल? नको होती म्हणून बापानंच मुद्दाम बिघडवली, हेच ना. दोन महिन्यांचं त्याचं बोलणं आठवलं तर कोणालाही हेच वाटलं असतं.

गाडी टेम्पोत घालून त्यानं शहरात, राइट टाउनला सुमेध मिस्त्रीकडे आणली. घरी निरोप गेला, घरच्यांनी तो लेकीला फोनवर कळवला. नागपूरहून परतलेली प्रणाली स्टेशनावरून बॅगेसकट तिथंच पोचली. तुळशीरामला तिच्याकडे बघवेना.

सुमेधनं डबा उघडला. फिल्टरवर चुन्यासारखा पांढरा लगदा बसला होता. त्यामागच्या नळीत त्यानं बोट फिरवलं आणि दाखवलं.

"काका, काहून घाबरून राहिले? धूळ सगळी इथंच अडकली, आत कण नाही. तेल जास्त झालं म्हणून हवा बंद झाली, बस. धुऊन वाळवतो, बेतानं तेल लावतो, उद्या गाडी चालू."

तुळशीराम टायरांच्या थप्पीवर मटकन बसला. हुश्श झालं त्याला.

"मी मुद्दाम नाही केलं बेटा," तो म्हणाला. "तुला वाटेल, गाडी नको होती म्हणून..."

प्रणालीनं फिल्टर हातात घेऊन उलटा केला. तेल अजून ठिबकत होतं.

"राग काढायचा असता तर कोरडाच ठेवला असता तुम्ही," ती म्हणाली. "इतकं तेल तर तुम्ही फक्त लहानपणी माझ्या डोक्याला लावत होते, बाबा."

सुमेधचं फडकं उचलून तुळशीरामनं डोळे पुसले, आणि गालभर ग्रीस माखून घेतलं.