जपून-आत्या आणि दादाचा लॅपटॉप

आत्या मुलखाची भित्री, हे तिला स्वतःलाही मान्य होतं. घरातले सगळे तिला जपून-आत्या म्हणत. कुणी जिना उतरायला लागलं की ती वरून 'जपून' म्हणणार, कुणी गरम पातेल्याला हात घातला की 'जपून', आणि कुणी नुसतंच खुर्चीत बसलं असेल तर ही वाकून खुर्चीचे पाय तपासणार. नोकरीची सगळी वर्षं तिने रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग करण्यात घालवली. तिथे शेजारच्या बाकावरच्या बाईचा हात भाजला होता, तो हात तिच्या डोळ्यांपुढून कधी हललाच नाही. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणायची, "धीर झाला नाही." लोक हसायचे, तीही हसायची.

पण तिच्या हातून गेलेली यंत्रं मरत नसत, हेही तितकंच खरं. ज्या कॉम्प्युटरांच्या नावाने दुकानदारांनी कधीच आंघोळ करून टाकली होती, ते तिच्या पुढच्या खोलीत गुण्यागोविंदाने नांदत होते. त्यात जादू काही नव्हती. पंख्यात साचलेली धूळ ती रंगाच्या ब्रशने काढायची, आतली उष्णता बाहेर काढणारी पेस्ट वाळली की पुसून ताजी लावायची, लॅपटॉपखाली दोन पेन्सिली आडव्या ठेवून वारा खेळायला जागा करून द्यायची. बॅटरी काठोकाठ भरलेली ठेवायची नाही आणि पार रिकामीही होऊ द्यायची नाही. वायर ओढून प्लग काढणाऱ्या माणसाशी ती दोन दिवस बोलत नसे. जुनं बिघडलं म्हणून कुणी नवं घेत नाही, जुन्याचा कंटाळा आला म्हणून घेतात, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते काही खोटं नाही.

दुरुस्त केलेली वस्तू मात्र ती लगेच कुणाच्या हवाली करत नसे. स्वयंपाकघरातल्या दगडी ओट्यावर ठेवून घ्यायची. तिथे चार दिवस चार्जिंगला लावायचं, काढायचं, पुन्हा लावायचं, आणि येता-जाता खालून हात लावून बघायचा. "पाहुणी आहे ती, राहू दे," असं म्हणायची. शेजारीपाजारी यावरून तिची यथेच्छ थट्टा करत. हा पाहुणचार तिने आयुष्यात एकदाच टाळला, तो दादासाठी.

दादा तिचा थोरला भाऊ. जन्मभर बस चालवली त्याने. घाटातल्या वळणावर एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने बिडी पेटवणारा माणूस. आत्याच्या भित्रेपणाची सगळ्यात जास्त टिंगल त्यानेच केली असेल. दोन वर्षांपूर्वी त्याचं उजवं अंग गेलं. बोलणं जड झालं, उठणं संपलं. मुलगा आणि सून सकाळी कामावर जात, देखभाल करणारी बाई दुपारचं भरवून निघून जाई, आणि मग संध्याकाळपर्यंत दादा आणि त्याचा लॅपटॉप. त्यावर तो कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांशी बुद्धिबळ खेळायचा, जुन्या सोबत्यांशी गप्पा मारायचा. मुलाने हौसेने नवा आणून दिला होता, पण त्याच्या डाव्या हाताला जुन्या कीबोर्डच्या किल्ल्यांची सवय. नवा दोन दिवसांत परत गेला.

जुन्याची बॅटरी मेली होती. वीज क्षणभर लुकलुकली तरी सगळं बंद पडायचं, अर्धा डाव तिथेच जायचा. आत्याने तो दुरुस्तीला घरी आणला. त्या जातीच्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. भंगारातून आणलेल्या एका जुळ्या मशीनमधली बॅटरी तिने काढली, खिडकीच्या काचेवर आडवी ठेवली आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं. चांगली बॅटरी काचेवर सपाट बसते. ही डुलली. अगदी किंचित, पण डुलली.

दुसऱ्या कुणाची असती तर तिने ती चिमट्याने धरून बाहेर नेली असती. पण सकाळीच भाच्याचा फोन आला होता. "आत्या, बाबा दिवसभर भिंतीकडे बघत पडलेले असतात. धड जेवतही नाहीत. कधी होईल गं?" आत्याने स्वतःला समजावलं की खालचं लेबल जाड असेल, म्हणून डुलतेय. लेबल खरवडून काढलं. पुन्हा दाबलं, पुन्हा डुलली. मग तिने काचेकडे पाठ फिरवली आणि बॅटरी बसवून टाकली. चार्जरची पिन सैल होती, तीही पक्की घट्ट केली, आणि त्याच संध्याकाळी मशीन दादाच्या पुढ्यात ठेवलं. दादाच्या तोंडाचा अर्धा भाग हसला. "आणलंस का माझं माणूस?" तो म्हणाला. त्या हसण्याने आत्या सगळं विसरली.

आठवडाभर रोज दुपारी दादा तिला त्यावरून व्हिडिओ कॉल करत होता. त्या दिवशीही केला. आत्या टेबलाशी बसून मटार सोलत होती.

"आज एकाला असा कोंडलाय," दादा सांगत होता. "राजाला हलायला जागा नाही."

बोलता बोलता तो मधेच एखादी खेळी करत होता. किल्लीवर त्याचं बोट पडलं की पडद्यावरचा त्याचा चेहरा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जात होता. आत्याला आधी काही वाटलं नाही. मग तिचा हात थांबला.

"दादा, टेबल हलतंय का तुझं?"

"टेबल कुठलं, मांडीवरच घेतलंय. मशीनच डुलतं जरा. पाळण्यासारखं. बरं वाटतं."

आत्याने मटार बाजूला सारले. "खालून गरम लागतंय?"

"ऊब येते छान. रजईतून सुद्धा."

"आणि ती किल्ल्यांखालची पट्टी, बोटाने बाण हलवायची, ती दाबली जाते ना?"

दादाने नजर बाजूला नेली. "जाते की."

बॅटरी आतून फुगली की मशीनचं पोट गोल होतं आणि ते डुलायला लागतं, हे तिला पाठ होतं. फुगलेली बॅटरी चार्ज होतच राहिली तर फुटते, आणि ती आग पाण्याला दाद देत नाही. त्या मशीनखाली रजई होती. रजईखाली एक माणूस होता, ज्याला कूस बदलायलाही दुसरं माणूस लागत होतं.

"दादा, चार्जरची पिन काढ. मशीनमधून. आत्ता."

प्लग भिंतीवर होता, उशाच्या मागे, त्याच्या मेलेल्या बाजूला. तिकडे त्याचा हात पोचणं शक्य नव्हतं. त्याने पिन धरून ओढली. पिन हलेना. आत्यानेच ती घट्ट बसवलेली. त्याने जोर लावला तसं अख्खं मशीन सरकलं आणि पडद्यावर नुसतं छत दिसायला लागलं.

"सोड, सोड. ओढू नकोस. पाडू नकोस ते. नुसतं बंद कर, मी येते."

"बंद केलं तर तू दिसायची नाहीस."

"बंद कर दादा."

पडदा काळा झाला. त्यापुढे काय चाललंय हे तिला कळायला आता मार्ग नव्हता. बंद मशीनही चार्ज होतच राहतं, हे तिला माहीत होतं, आणि माहीत नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

भाच्याचा फोन वाजून वाजून थांबला. कामावर फोन दारातच ठेवून घेतात. सुनेचाही लागला नाही. दादाच्या घराची जादा किल्ली आत्याकडेच असायची, ती घेऊन ती धावत सुटली. बसमध्ये बसायला जागा असून ती ड्रायव्हरमागे दांडा धरून उभी राहिली. प्रत्येक सिग्नलला तिला तेच दिसत होतं, पेटलेली रजई आणि तिच्यात डावा हात. आपण काचेकडे पाठ फिरवली होती, हे तिच्या डोक्यातून जाईना. मुलखाची भित्री मी, आणि नेमक्या त्याच दिवशी मला घाबरायला काय झालं होतं?

स्टॉपवर उतरून तिने आधी वर बघितलं. खिडकीत धूर नव्हता. जिन्यात मात्र जळका वास आला. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दूध उतू गेलं होतं. तिने दादाचं दार किल्लीने उघडलं.

दादा जिवंत होता. मशीन त्याच्या मांडीवर होतं, झाकण नीट मिटत नव्हतं, मधोमध फट पडली होती. खोलीत नेलपॉलिशसारखा गोडसर वास भरला होता. आत्याने प्लग काढला आणि मशीन दोन्ही हातांनी उचललं. ताज्या भाकऱ्यांच्या डब्यासारखं ते गरम होतं. तिला ते फेकून द्यावंसं वाटत होतं, पण फेकलं तर फुटणार, म्हणून ती एकेक पाऊल टाकत बाल्कनीपर्यंत गेली. मशीन उघड्या फरशीवर टेकवलं, दोरीवरचे कपडे ओढून घेतले, दार लावलं आणि दाराला पाठ टेकून खाली बसली.

"झालं?" दादाने विचारलं.

"पट्टी दाबली जात नव्हती ना?"

दादाने डोळ्यांनीच हो म्हटलं.

"कधीपासून?"

"परवापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू घेऊन गेली असतीस." जड जिभेने तो एकेक शब्द काढत होता. "सोबत्यांपैकी एकाच्या घरी झालं होतं असं. मला कळत होतं. भीती वाटत होती. पण नुसतं पडून राहायची जास्त वाटते."

आत्याला संताप आला. "जळाला असतास तू," ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "मलाही माहीत होतं, दादा. बसवली तेव्हाच डुलत होती ती."

दादा काहीतरी बोलणार होता, इतक्यात बाल्कनीत फुस्स आवाज झाला. पांढरा धूर काचेवर आदळला आणि त्यातून ज्वाळा वर आली, सरळ, माणसाच्या कमरेइतकी. खालून कुणीतरी ओरडलं. आत्या उठली आणि दादाच्या पलंगापुढे येऊन उभी राहिली. दोघं काचेतून बघत राहिले. किल्ल्या वितळून एकमेकींत मिसळल्या. आग बसली तेव्हा फरशीवर काळा डाग आणि त्यात एक वाकडी चौकट उरली होती.

"तसलं दुसरं मिळेल का गं?" दादाने विचारलं.

आत्याने त्याच्याकडे बघितलं. तो चेष्टा करत नव्हता.

"शोधावं लागेल."

"किती दिवस?"

"नाही सांगता येत."

दादाने मान हलवली, जेवढी हलत होती तेवढी. आत्याने खुर्ची ओढून त्याच्या डाव्या अंगाला घेतली, जिथून त्याला ती दिसेल. त्याची नजर तिच्यावरून हलत नव्हती. थोड्या वेळाने ती पाणी आणायला उठली.

"कुठे चाललीस?"

घाटात बिडी पेटवणाऱ्या माणसाचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

"पाणी आणते. हे इथे, स्वयंपाकघरात."

"लवकर ये."

आत्या पाणी न आणताच परत बसली.