मामाचे तळ्यातले जावई

आमच्या मामाच्या दारातून उपाशी परत गेलेला जीव अख्ख्या मंठा तालुक्यात शोधून सापडायचा नाही. वीजबिल द्यायला आलेला माणूस दोन भाकरी खाऊन जायचा, आणि वर मामाच नाराज, "हे काय जेवणं झालं?" नववीतून शाळा सुटल्यावर मी त्याच्याकडं राहायला गेलो, थोड्याच दिवसांत माझी विजार घट्ट झाली. परसात त्यानं हौसेनं छोटं तळं केलं होतं. त्यात कमळं, गोगलगायी आणि लालसोनेरी मासे. तळ्याचं बरं चालायचं, कारण माशांचं खाणं मामीनं स्वतःच्या ताब्यात ठेवलं होतं. चिमूटभर, बस्स.

पण धोंड्याचा महिना आला. घरोघरी जावई धोंडे खायला यायला लागले. मामाला लेक नाही, मंग जावई कुठला? वाढायला हात नुसते शिवशिवायचे. त्यात मामी राजूरला माहेरी गेली, आणि मामानं माशांनाच जावई करून टाकलं. रोज तुपातले धोंडे कुस्करून तळ्यात! पाणी ताकासारखं झालं, वास सुटला, मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. मामा गहिवरला. "बघ, कसे मागून राह्यलेत! आण अजून."

तेवढ्यात मामी आली. पिशवी हातातच. "अहो, मागून न्हाई, गुदमरून राह्यलेत ते! जावई मारता का?"

मामाचा चेहरा उतरला. आम्ही चाळणीनं तळातलं कुजकं काढलं. पाणी एकदम बदललं तर मासे दगावतील म्हणून थोडंच उपसलं, आणि ड्रममधलं शिळं पाणी हळूहळू सोडलं. पाण्यात हवा खेळावी म्हणून मामा दिवसभर बादली उंच धरून ओतत राहिला. जेवायला उठेना.

"जावई उपाशी अन् मी जेवू?"

"त्यांना उपाशीच ठेवायचं हाय आता!" मामीनं कपाळावर हात मारला.

माझा जीव टांगणीला. मासे मेले तर हा माणूस पुन्हा कुणाला आग्रहानं वाढणार नाही, असं वाटायचं. पण पाणी निवळलं, आणि एकेक मासा वर तोंड उघडायचं सोडून, पहिल्यासारखा कमळाच्या पानांखाली दिसेनासा झाला. मामानं त्या आनंदात गल्ली जेवू घातली.

आता मी सुरतेला असतो. मामाचा फोन येतो. "मासे दिसत न्हाईत, म्हंजे सुखात हायत." मंग फोन ठेवता ठेवता म्हणतो,

"तू मात्र दिसत जा रे."