पहिलं नाव सरांचं

"मॅडम, या पेपरमध्ये तुमचं नेमकं योगदान काय?"

पदोन्नतीच्या मुलाखतीत हा प्रश्न मला आमच्याच विभागप्रमुखांनी विचारला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाशिकच्या एका कॉलेजात मी बारा वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवते आहे. माझे नऊ शोधनिबंध छापून आलेत, सगळे चयापचयावर, म्हणजे खाल्लेल्या अन्नाचं शरीर पुढे काय करतं यावर. त्यातल्या आठांवर पहिलं नाव याच विभागप्रमुखांचं, म्हणजे सरांचं, दुसरं माझं. पदोन्नतीच्या गुणांत पहिल्या नावाला घसघशीत वाटा मिळतो, मागच्यांना उरलंसुरलं.

आमच्याकडे ही रीतच आहे. नैवेद्य दाखवल्याशिवाय पान वाढायचं नाही, तसं सरांचं नाव वर घातल्याशिवाय पेपर पाठवायचा नाही. देव निदान नैवेद्य खात तरी नाही.

ज्या पेपरवरून प्रश्न आला तो नाशिक रोडच्या एका कॉलनीतल्या बायकांच्या रक्तातल्या साखरेवरचा होता. सकाळी काही न खाता आठ वाजता प्रयोगशाळेत या, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. आल्याही बिचाऱ्या, अंघोळी करून, ठेवणीतल्या साड्या नेसून. पण आकडे असे काही भलतेच येत होते की मला यंत्राचीच शंका आली. शेवटी मनमाडकडच्या एका मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "उपाशीच आलेय ना. फकस्त चहा घेतला."

दोन चमचे साखरेचा चहा! मग एकेकीला विचारत गेले. सगळ्याच पिऊन आलेल्या, आणि कोणीच खोटं बोलत नव्हती. आपल्या घरांत चहाला खाण्यात कोण धरतं? माझी आईसुद्धा कपभर चहा पिऊन डॉक्टरांना सांगायची, सकाळपासून पोटात काही नाही. याच विषयात डॉक्टरेट मिळवलेल्या मला मात्र हे आधी सुचलं नाही. त्या दिवसाचे सगळे नमुने फेकून दिले.

त्यानंतर दोन महिने मी पहाटे पाचला स्कूटीवरून कॉलनीत जात होते. नवऱ्यांची पहिली पाळी असायची, त्यामुळे सव्वापाचला गॅसवर आधण चढायचं. त्याच्या आत पोचायचं. जानेवारीतल्या थंडीत बायकांची बोटं इतकी गार असायची की टोचलं तरी रक्त येईना. मग मी ती माझ्या हातांत धरून चोळायची. सर या दोन महिन्यांत कॉलनीकडे एकदाही फिरकले नाहीत. त्यांनी पेपर वाचून शीर्षकातला एक शब्द बदलला, तेवढंच.

मुलाखतीत मी हे सगळं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनीच विचारलं, "नमुने घरी जाऊन का घेतले? प्रयोगशाळेत का नाही?" त्यांनी पाहिलं सरांकडे, कारण पहिलं नाव त्यांचं.

सर म्हणाले, "महिलांच्या सोयीसाठी."

सोय! मी चहाची गोष्ट सांगितली. बाई मनापासून हसल्या, समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, झाला न्याय. कसला न्याय? पंधरा दिवसांनी पत्र आलं: पदोन्नती नाही, प्रथम लेखक म्हणून काम अपुरं. सर व्हरांड्यात भेटले आणि मायेनं म्हणाले, "नाराज होऊ नका मॅडम, नियम म्हणजे नियम." आयत्या बिळावरचा नागोबा मला बिळाचे नियम समजावत होता.

छापलेला पेपर दाखवीन असं बायकांना कबूल केलं होतं. त्याच संध्याकाळी तो घेऊन मावशींकडे गेले, तशीच धुमसत. मावशींनी चष्मा लावला. इंग्रजी त्यांना येत नाही.

"यात तुमचं नाव कुठंय, मॅडम?"

मी दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.

"मंग हे पहिलं कोनाचं?"

"आमच्या सरांचं."

"हे कधी आले व्हते? मी तर नाय पाह्यले."

"नाही आले कधी."

मावशींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मंग त्यांचं नाव लिवलं कोनी?"

मी कॉलेजची रीत सांगायला लागले, वरिष्ठांचा मान, विभागातलं वातावरण. माझं बोलणं संपल्यावर मावशींनी कागद माझ्यापुढे धरला आणि त्या पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"मी," मी म्हणाले.

सरांनी एकदाही तोंडानं मागितलं नव्हतं. आठही पेपरांवर ते नाव मीच टाइप केलं होतं, माझ्या नावाच्या आधी.