लोटाभर पाणी आणि दोन मोटारी

धाकटीचं सगळंच माझ्यापेक्षा चांगलं झालं आणि ते मला कधीच आवडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून कुणी मोठ्या मनाची अपेक्षा ठेवणार नाही. ती माझ्याहून उजळ, घर अमरावतीत, नवरा वकील. मी अकोल्याला जठारपेठेत दोन खोल्यांत, आणि आमचे हे एका जिनिंगमध्ये कारकून. माहेरी हिवरखेडला गेले की गावातल्या बायका आधी तिची खबर विचारायच्या आणि मग आठवल्यासारखं करून, "अन् तू बरी हायेस ना?" म्हणायच्या. एकाच बाबतीत मी तिच्या पुढे होते. मला दोन मुलं होती, तिची कूस अजून उजवायची होती. ही गोष्ट मी चारचौघांत कधी बोलले नाही, पण मनात वरचेवर काढून बघायचे.

केळीचे हंगाम लागोपाठ चांगले गेले तेव्हा बाबांनी मोटार घ्यायचं काढलं. त्या काळी नव्या मोटारीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, म्हणून जुनीच घ्यायची ठरली. बाबांना चालवता येत नव्हती. गावात ट्रकवर राहून आलेला एकजण होता, तो चालवणार होता. "पाहा एखांदी," असं बाबांनी दोन्ही जावयांना सांगून ठेवलं, आणि मला तेवढं निमित्त पुरे झालं. आमच्या ह्यांच्या मालकांची काळी मोटार विकाऊ होती. हिवरखेडच्या अंगणात उभी राहील ती माझ्या घरून आलेलीच मोटार, असं मी ठरवून टाकलं. एकदा तरी बाबांनी माझं म्हणणं वर धरावं, धाकटीचं खाली पडावं, एवढीच माझी इच्छा होती. वकिलांनीही अमरावतीला एक शोधली होती, फिकट हिरवी.

आमच्याकडे बैल घेताना आधी जांगड आणतात. चार दिवस वापरून बघायचा, पटला तर ठेवायचा, नाहीतर परत. घरच्या बाईने खुरांवर पाणी घालून कुंकू लावलं की बैल घरचा झाला, मग तो परत जात नाही. बाबांनी मोटारीही तशाच जांगड मागवल्या. दोन्ही मालकांनी कुरकुर केली, पण दिल्या. आणि कुंकू लावायचं काम आई गेल्यापासून माझ्याकडे होतं, त्यामुळे शेवटचा शब्द आपलाच असल्यासारखं मला वाटत होतं.

आम्ही काळ्या मोटारीतून पोचलो तर हिरवी आधीच येऊन कडुनिंबाखाली उभी. वकील एकटेच आले होते.

"ती नाही आली?" मी विचारलं.

"तब्येत जरा बरी नाही," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

माहेरी यायलाही हिला तब्येत लागते! रस्त्याच्या धुळीत साडी खराब होईल म्हणून आली नसेल, असं मी ह्यांच्या कानात म्हटलं.

बाबा दोन्ही मोटारींभोवती बाजारात फिरावं तसे फिरले. टायरला पाय मारून बघितला, बॉनेटवर हात फिरवला, आत वाकून बघितलं. हिरवीचा सेल्फ मारला तर ती पहिल्या झटक्याला सुरू झाली. आमच्या काळीला पुढून हँडल मारावं लागलं, आणि ते मारता मारता मालकांनी बरोबर दिलेला ड्रायव्हर घामाघूम झाला. वकील मिशीत हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मोठ्याने सांगायला सुरुवात केली की काळीची सीट रुंद आहे, डिकीत केळीचे घड राहतात, हॉर्न असा आहे की पार वेशीपर्यंत ऐकू जावा. ड्रायव्हरला सांगून मी तो वाजवूनही दाखवला. अंगणातल्या कोंबड्या उधळल्या.

"ऐकू आलं, माय," बाबा म्हणाले. "आता बसून पाहू. पयले काळी. एक लोटा भरून आण, काठोकाठ."

ऊन होतं, तहान लागली असेल म्हणून मी लोटा भरून दिला. बाबा मागच्या सीटवर बसले आणि लोटा मांडीवर धरला. घरापासून नाल्यापर्यंत जायचं, नाल्याची वाळू ओलांडायची आणि परत यायचं, असं ठरलं. तोवर अर्धं गाव जमलं होतं. दोन गाड्या आणि बघायला एवढी माणसं म्हटल्यावर लोकांनी त्याचा शंकरपटच करून टाकला. शर्यतीचे बैल सुटायच्या आधी ओरडतात तसे ओरडू लागले. मलाही तोच चेव चढला. मी खिडकीशी जाऊन ड्रायव्हरला म्हटलं, "हाण जोरात. मागं पाहू नको."

त्याने खरंच हाणली. धुळीचा लोट उठला, काळी नाल्याची वाळू कापत पलीकडे गेली, वळली आणि तशीच परत आली. लोकांनी टोप्या उडवल्या. बाबा खाली उतरले तर धोतर मांडीपासून खाली ओलं, लोटा निम्मा रिकामा. गाडीत जोर आहे तर पाणी हिंदकळायचंच, असं मी म्हटलं. बाबांनी लोटा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "भर पुन्हा."

मग हिरवी. ती वकील स्वतः चालवत होते, आणि इतकी हळू की कुणीतरी "वरात हाये का रे?" म्हणून ओरडलं. मी पदर तोंडाला लावून हसले. पुढे तर नाल्याच्या वाळूत चाकं फसली. पोरं धावत गेली, ढकलून बाहेर काढली. वकिलांचे बूट वाळूने भरले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नसेल. हिरवी परत आली, बाबा उतरले, माझ्या हाती लोटा दिला. तो भरलेलाच होता. प्यायले नाहीत वाटतं, एवढंच माझ्या मनात आलं. मी कुंकवाची कोयरी आणायला आत पळाले.

बाहेर आले तर बाबा म्हणाले, "हिरवीले लाव."

"हिरवीले?"

"हो."

"काहून? वाळूत फसली ते पायलं नाही का तुमी?"

"पायलं. फसली त चार पोरं ढकलतीन. पण पाणी नाही सांडलं तिच्यातलं."

"पाण्याचं काय घेऊन बसले?" मी जवळजवळ ओरडलेच.

बाबांनी जमलेल्या माणसांकडे बघितलं, मला ओसरीवर घेतलं आणि आवाज खाली आणला. "तुले पयल्या बाळंतपणाले आणाचं होतं, तवा मी तीन जोड्या जांगड आणल्या होत्या. एकेक जोडी दमणीले जुपो अन् लोटा घेऊन आत बसो. तुह्या मायनं भरून देला होता. ज्या जोडीनं पाणी सांडू देलं नाही, ते ठेवली."

ती जोडी मला आठवत होती. दोन्ही बैल पांढरे, चालीला मऊ. अकोल्याहून निघून तेल्हाऱ्यापर्यंत मी त्या छपराच्या दमणीत झोपूनच आले होते. बैल कसे निवडले हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"धाकटीले दिवस हायेत," बाबा पुढे म्हणाले. "आधीची दोन पोटातच गेली. आपल्याले सांगितलं नव्हतं तिनं. डॉक्टर म्हणते, हादरे नोको. तुह्या गावाहून आता सरळ आगगाडी हाये, तिले दोन डाव बदला लागते, अन् मोटारबशीत त विचारू नको. तिच्यासाठीच घेऊन रायलो मी हे मोटार."

वकील अंगणात बुटातली वाळू झटकत होते. त्यांच्याकडे बघवेना. मी विरघळायला हवं होतं, डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. पण मला जे वाटलं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"म्हंजे मले बैल अन् तिले मोटार."

बाबा हसले. "तवा मोटार होती का माह्यापाशी?"

"अन् बाळंतपण कोण करन तिचं?"

"तूच. तुही माय त नाही."

"गाडी तिले, अन् कामाले मी."

"हो," बाबा म्हणाले. त्यांनी समजूत घातली नाही की कौतुक केलं नाही. मी हिरवीच्या चारही चाकांवर पाणी घातलं. बॉनेटवर कुंकू असं दाबून लावलं की बोट दुखलं. काळी हँडल मारून सुरू झाली आणि आम्ही तिच्यातूनच अकोल्याला परत आलो.

पुढे धाकटीला आणायला हिरवी घेऊन अमरावतीला मीच गेले. ती दारात आली तर पोट दिसत होतं आणि चेहरा आणखीच उजळ झाला होता. तेही मला खुपलं. निघताना मी तिच्याच घरातला लोटा नळाखाली काठोकाठ भरला आणि मांडीवर घेऊन तिच्याशेजारी बसले.

"ताई, तहान लागन म्हणून का?" तिने विचारलं.

"चूप बस," मी म्हटलं.

माझ्या मनात होतं, सांडू दे. दर्यापूरपर्यंत एकदा तरी माझं लुगडं भिजू दे, म्हणजे बाबांसमोर ओला पदर पिळते आणि विचारते, काळी काय वाईट होती? पण गावातल्या त्या ट्रकवाल्या ड्रायव्हरला बाबांनी बजावून पाठवलं होतं. खड्डा आला की तो जवळजवळ थांबायचा. दर्यापूर मागे पडलं, पाणी तसंच. धाकटी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. झोपेतही तिचा एक हात पोटावर होता.

अकोटच्या अलीकडे एक बैलगाडी शेतातून एकदम रस्त्यावर आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. मी एक हात धाकटीला आडवा घातला, आणि दुसऱ्या हाताचा पंजा लोट्याच्या तोंडावर दाबून धरला. गाडी थांबली. धाकटी जागी झाली, "काय झालं?" म्हणाली. "काही नाही, नीज," मी म्हटलं. हिवरखेड येईपर्यंत मी लोट्यावरचा हात काढला नाही.

बाबा दारातच उभे होते. धाकटीला हात देऊन त्यांनी उतरवलं, ओसरीवर बसवलं, आणि मग वळून माझ्या मांडीवरच्या लोट्याकडे बघितलं.

"सांडलं का?"

"नाही," मी म्हटलं, आणि ओला तळहात पदराला पुसून खाली उतरले.